वाळूवरील कोरडे कपडे

रतनसिंग परत आला नाही. त्याचे कपडे तेवढे परत आले.

येलदरी धरणाकडच्या गोरेगावजवळील तांड्यावर ते गाठोडे त्याचा धाकटा भाऊ मोहनसिंग याने आणले. कोकणातील एका लहानशा समुद्रकिनाऱ्यालगत दोघे बंधू आंब्याच्या बागेत राखणीस होते. रतनसिंग समुद्रात बुडाला, असे मोहनसिंगाचे कथन होते. परंतु रतनसिंगाची पत्नी देवला हिने बांगड्या फोडण्यास साफ नकार दिला. तिचा संशय दिरावरच होता.

"मढं दाखवा, मंग फोडते," ती जमादार तातेराव खिल्लारे यांना म्हणाली.

तिच्या तक्रारीवरून तातेराव तो किनारा पाहून आले. परतले ते अनवाणी.

"जमादार, समुद्राला बूट वाहिले का काय?" तांड्यावर हशा पिकला.

ते हसले नाहीत. त्यांनी मोहनसिंगास देवलासमक्ष बसविले.

"कपडे कुठं होते?"

"वाळूवर. पाण्याच्या अगदी काठाला."

"कुणी ठेवले?"

"भाऊनंच. अमावस्येच्या सांजेला. तो आंघोळीला उतरला, मी बागेत गेलो. सकाळी पाहतो तं कपडे तिथंच."

"ओले?"

"न्हाई साहेब. कोरडे. घडी बी मोडली नव्हती."

"आन् चपला?"

मोहनसिंग अडखळला. "त्या न्हाई घावल्या."

तातेरावांची मुद्रा गंभीर झाली.

"येलदरी धरणाचं पाणी सांजेला असतं तिथंच सकाळी असतं. तुला वाटलं, समुद्र बी तसाच. मलाही तेच वाटलं! काठाला बूट काढून चहाला गेलो. येऊन पाहतो तर तिथं पाणीच पाणी. कोळी पोट धरून हसले. म्हणाले, अमावस्येला सांजेची ओहोटी आन् मध्यरात्री भरती. तुझं गाठोडं रात्रीच वाहून गेलं असतं. ते तू सकाळी ठेवलंस."

देवला किंचाळली, "मुडद्या, तूच मारलंस त्याला!"

"न्हाई, बाई," तातेराव म्हणाले. "मारणाऱ्यानं चपला बी आणून ठेवल्या असत्या. चपला लागतात चालणाऱ्याला. म्हणून मी आजूबाजूची गावं धुंडाळली. खाडीपलीकडच्या मासळीबाजारात बर्फ वाहणारा एकजण 'का'च्या जागी आपल्याकडचं 'काहून' म्हणाला. तुमचा रतनसिंग! तिथं दुसरीसोबत संसार मांडून राहिला. हा सगळा बनाव त्याचाच."

मोहनसिंगाने वहिनीचे पाय धरले. "भाभी, तोच म्हणला, मला मेलेला सांग, शेत तू कर."

देवलाने पाय मागे घेतले.

"मोहन," ती म्हणाली, "तू मारलं असतंस, तर मला रडता तरी आलं असतं."