दाराशी बसलेली

ती खिडकी लावून घ्या आधी. दिवा राहू दे. आणि मध्येच कोणी पाणी प्यायला उठायचं नाही, सांगून ठेवतो.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या साडूवर बेतलेली आहे. आता हा साडू कसा माणूस, तर त्याचं चष्म्याचं दुकान. वीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय. कोणी म्हणालं की मला रात्री अमुक दिसलं, तर हा म्हणणार, "नंबर वाढला असेल, येऊन जा." अशा माणसाने मला हे सांगितलं. दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा अक्षराचा फरक नाही.

मागच्या वर्षी. फेब्रुवारीची सहा तारीख, गुरुवार. अमावास्या होती का, असं विचारू नका. चांगला नवमीचा चंद्र होता.

त्याच्याकडे एक गाइडबाई चष्म्यासाठी यायच्या. वय सत्तरीला टेकलेलं. गावाबाहेर नदीच्या अंगाला जुन्या वस्तीचं उत्खनन आहे. मातीच्या विटांची घरं, गल्ल्या, विहीर. हजारो वर्षांपूर्वीचं सगळं. तिथे त्या लोकांना माहिती सांगत फिरवायच्या. विद्यार्थिनी असताना तिथेच खणायला होत्या, त्यामुळे वीट न् वीट ओळखीची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा त्यांचा चष्मा तयार होता, पण दुकानापर्यंत येणं जमेना. हा म्हणाला, मीच आणून देतो. त्या म्हणाल्या, "मग पाचनंतर या. गर्दी गेलेली असते. तुम्हाला एकट्याला सगळं निवांत दाखवते."

एकट्याला कुठलं! घरात सात वर्षांची पोर. हाक मारतात भिंगरी म्हणून, कारण एका जागी पाय ठरत नाही. ती बापाच्या आधी गाडीत जाऊन बसलेली. माझी मेहुणी दारातून ओरडली, "आठच्या आत घरी या हं. उद्या शाळा आहे तिची!"

सव्वापाचला ते आत शिरले. गाइडबाईंनी नवा चष्मा चढवला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, या भिंती इतक्या वाकड्या आहेत होय! मी लोकांना सरळ म्हणून सांगत होते." साडू हसला. संध्याकाळ छान होती. छातीइतक्या उंच भिंती, आणि मधून एवढ्या अरुंद गल्ल्या की समोरून कोणी आलं तर अंग चोरावं लागावं. बाई सांगत होत्या, ही चूल, हा धान्याचा रांजण, इथे बसून कोणीतरी भांडी घासायचं, बघा दगड कसा झिजलाय. भिंगरी या घरातून त्या घरात पळत होती. "हे माझं घर! हे शेजारणीचं! बाबा, तू बाहेर, तू पाहुणा!"

चौथ्या गल्लीच्या टोकाला शेवटचं घर होतं. तिथे बाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"इथे काय सापडलं?" साडूने विचारलं.

"एक बाई," त्या म्हणाल्या. "म्हणजे सांगाडा. इथे, दारातच बसलेली. पाठ भिंतीला, तोंड गल्लीकडे. वस्तीला आग लागली, लोक पळाले. ही नाही पळाली. आत मुलाचं सामान होतं. मातीची छोटी गाडी, एवढीशी वाटी. मूल मात्र नव्हतं."

"तिचं बाळ कुठे गेलं?" भिंगरीने विचारलं.

"माहीत नाही गं."

"मग तुम्ही शोधून का नाही दिलं तिला?"

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. तेवढ्यात साडूचा फोन वाजला. कोणा गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी निखळली होती. आवाज नीट येईना म्हणून हा पाठ करून चार पावलं पुढे गेला. मिनिटभर. फार तर दीड मिनिट.

वळला, तर पोर नाही.

आधी कोणी घाबरत नाही अशा वेळी. "भिंगरी, चल, पुरे आता." मग जरा चढा आवाज. मग हा प्रत्येक घरात डोकावायला लागला. बाई म्हणाल्या, "माझ्या समोर होती हो. या दारात उभी होती. मी चष्मा पुसला, तेवढंच." बाहेर पडायला फाटक एकच. तिथला पहारेकरी शपथेवर सांगत होता की माझ्यासमोरून मांजरसुद्धा गेलं नाही. नदीच्या बाजूला तारेचं कुंपण, कुठे फट नाही. विहिरीवर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप. तरी याने पालथं पडून जाळीतून बॅटरी आत धरली. खाली कोरडा गाळ. दुसरं काही नाही.

सात वाजले. अंधार पडला. पहारेकऱ्याने पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, गाडी दुसरीकडे गेलीय, येतोच. पहारेकरी फाटकाशी त्यांची वाट बघत थांबला. हे दोघं बॅटऱ्या घेऊन पुन्हा पहिल्या गल्लीपासून सुरू. एक गल्ली, दुसरी गल्ली. साडूचा घसा बसला. हाक मारायचा आणि श्वास रोखून ऐकायचा. उत्तर नाही.

सव्वाआठला मेहुणीचा फोन.

"कुठे आहात? आठ म्हटलं होतं ना?"

याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अहो? तिला द्या बरं फोन."

"ती... झोपलीय गाडीत."

"झोपली? जेवल्याशिवाय? बरं, उठवू नका. सावकाश या."

मला सांगताना साडू इथे थांबला होता. म्हणाला, "तुला सांगतो, सगळं एकीकडे आणि ते 'सावकाश या' एकीकडे." फोन खिशात टाकला आणि तो पुढच्या घरात शिरला.

नऊ वाजून चाळीस मिनिटं. वेळ त्याला पक्की आठवते, कारण बॅटरी विझत आली म्हणून त्याने फोन काढला होता. दोघं पुन्हा चौथ्या गल्लीत आले होते. आणि हसण्याचा आवाज आला.

भिंगरीचाच. खुदकन.

शेवटच्या घरातून.

हा धावत आत गेला. छातीइतक्या चार भिंती, वर आभाळ. चंद्र डोक्यावर, जमिनीवरचा खडा न् खडा दिसत होता. खोली रिकामी. आणि आवाज मात्र तिथेच. त्याच्या गुडघ्याशी. हात लांब केला तर लागेल, इतका जवळ.

"हो..." भिंगरी म्हणत होती. कोणाला तरी. मग थांबली, समोरचं कोणी बोलत असावं तशी. मग, "सात वर्षांची." पुन्हा शांतता. "नाही... मला नाही माहीत कुठे गेलं ते."

"भिंगरी!" हा ओरडला. "बाळा, मी इथे आहे! इकडे बघ!"

तिला ऐकू गेलं नाही. तिची बडबड चालूच होती, घरी बाहुलीशी चालते तशी.

याने गुडघे टेकले आणि हातांनी जमीन उकरायला सुरुवात केली. घट्ट चोपलेली माती ती. नखं मोडली, बोटं सोलवटली. बाई दारातून म्हणत होत्या, "खाली काही नाही हो, आम्ही खडक लागेपर्यंत गेलो होतो, खाली काही नाही..." हा ऐकेना. मग एकदम थांबला. मान वर केली, आणि ज्या माणसाने जन्मात कधी असलं काही मानलं नाही, तो रिकाम्या दाराशी बोलायला लागला.

"हे बघ. ती तुझी नाही. माझी आहे. दे."

काही नाही.

"तुझ्या पाया पडतो. तिची आई वाट बघतेय. तिला वाटतंय पोर गाडीत झोपलीय. मी काय सांगू तिला? मला ठेव. मी बसतो इथे, उठणार नाही. तिला जाऊ दे..."

काही नाही. नदीकडून वारा येत होता, तोही थांबला.

आणि मग भिंगरीचा आवाज. समजूतदार. घरी पाहुण्यांना खाऊ देताना करते तसा.

"बरं. तू रडू नकोस. मी थांबते."

साडू म्हणतो, त्यानंतर ती जी शांतता झाली, तशी शांतता नसते. कानात दडे बसल्यासारखी. पोरीचा आवाज गेला. श्वासही गेला. तो हात फिरवत राहिला हवेत, जमिनीवर, भिंतीवर...

"मिळालं होतं."

दारातून गाइडबाई बोलल्या. याला आधी कळेना कोणाशी बोलतायत.

"ते मूल मिळालं होतं," त्या म्हणाल्या. उंबऱ्यापाशी त्या हळूहळू खाली बसल्या, सांगाडा सापडला होता त्या जागेकडे तोंड करून. "मला मिळालं होतं. वीस वर्षांची होते मी. विहिरीच्या गल्लीत, या दारासमोरच्या वळणावर खणत होते. घाई केली. कुदळ घातली आणि... डोकं फुटलं त्याचं. एवढंसं डोकं. सर रागावतील, मला काढून टाकतील, म्हणून गप्प बसले. सगळी हाडं गोळा केली, पुडक्यात बांधली, वर चिठ्ठी लावली. 'जनावराची हाडं' म्हणून. दुसऱ्याच घराच्या खोक्यात टाकलं ते पुडकं."

साडूने मातीवरचे हात मागे घेतले.

"कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, कोणाला नाही. लोकांना या दाराशी उभं करून रोज सांगत आले, मूल मिळालं नाही." बाई रडत होत्या. "अगं, ते हरवलं नव्हतं. ऐकतेस ना? विहिरीवरून ते घरीच यायला निघालं होतं. पालथं होतं, हात पुढे. तोंड तुझ्या दाराकडे होतं. वीस पावलं राहिली होती फक्त. ते तुझ्याकडेच येत होतं गं..."

कितीतरी वेळ काही झालं नाही.

मग वारा पुन्हा सुटला. साडूला आपल्या बोटांची आग जाणवली. लांब कुठेतरी गाडीचा हॉर्न वाजला. आणि विहिरीच्या गल्लीच्या वळणावर काहीतरी हललं.

भिंगरी.

सावकाश चालत येत होती. एकेक पाऊल. उजवा हात वर होता, कोणा मोठ्या माणसाचं बोट धरावं तसा. बाजूला कोणी नव्हतं. चांदण्यात सावली एकच होती, पोरीची. हा उठून धावला नाही. ती वीस पावलं चालत आली. तीन पावलं उरली, तेव्हा तिचा हात खाली आला.

"बाबा," ती म्हणाली, "तुझ्या हाताला काय झालं?"

पोलीस आले तेव्हा हा पोरीला छातीशी धरून फाटकापाशी बसला होता. त्यांनी विचारलं, कुठे होती? पहारेकरी म्हणाला, आतच होती साहेब, सापडली. काय सांगणार दुसरं? गाडीत बसल्यावर साडूने हळूच विचारलं, "कुठे गेली होतीस गं?" भिंगरी म्हणाली, "घरी." आणि खरोखरच झोपली.

गाइडबाईंनी दुसऱ्याच दिवशी वस्तुसंग्रहालय गाठलं. साहेबांसमोर उभ्या राहून सगळं कबूल केलं. जुनी खोकी शोधायला दोन महिने लागले. पुडकं मिळालं, चिठ्ठी त्यांच्याच अक्षरातली. आता ती आई आणि ते मूल एका खोक्यात आहेत, असं साडू सांगतो. बाईंनी त्यानंतर गाइडचं काम सोडलं.

भिंगरी ठणठणीत आहे. त्या रात्रीचं तिला काही आठवत नाही, आणि कोणी विचारतही नाही.

फक्त एक. त्या दिवशी तिच्या अंगात निळा फ्रॉक होता. त्याची काखेतली शिवण चांगली चार बोटं उसवलेली होती. सकाळी इस्त्री करताना मेहुणीने पाहिलं होतं, पण कामाच्या घाईत राहून गेलं. शुक्रवारी धुवायला काढला, तर शिवण शिवलेली. बारीक, एकासारखे एक टाके. तिने साडूला विचारलं, त्याने मान हलवली. दोघं फ्रॉक घेऊन दुकानाशेजारच्या शिंप्याकडे गेले. त्याने दोरा भिंगाखाली धरला, चिमटीत ओढून पाहिला. म्हणाला, हे सूत नाही. ही तात आहे, जनावराच्या आतड्याची. असला टाका मी कुठे पाहिला नाही.

मग त्याने फ्रॉक उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि म्हणाला, गाठ बघा, बाहेरच्या बाजूला मारलीय. आत मारली असती, तर पोरीच्या अंगाला टोचली असती.