वीस हरणांचे गुरुवार

"रक्त कुठे द्यायचं असतं हो?" प्रयोगशाळेच्या दारात बर्फाची पेटी कवटाळून उभ्या असलेल्या माणसाने विचारलं.

"तुमचं?"

"माझं कोण घेतंय! हरणाचं आहे."

ती खुदकन हसली... आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

तो हरणांच्या उद्यानातला जनावरांचा डॉक्टर. ती संशोधक. हरीण, गाय, शेळी, मेंढी यांचं मूळचं नातं किती जवळचं, हे ती रक्तातल्या जनुकीय खुणांवरून शोधत होती. त्यासाठी वीस हरणं हवी होती. कमी पडली तर अभ्यास बाद, आणि अभ्यास बाद म्हणजे नोकरीलाही रामराम.

"वीसच ना? देतो की," तो म्हणाला. "पण दर गुरुवारी एकच हं. बिचारी बुजतात."

मग गुरुवारी तिची वेणी जरा जास्तच नीट येऊ लागली. घरी आत्याच्या नजरेतून ते सुटतंय होय!

"हरणं बघायला निघालीस, की हरणांचा डॉक्टर?"

"आत्या, पुरे!"

विसाव्या गुरुवारनंतर तिने सगळे नमुने एकदम तपासले. प्रत्येक जनावराच्या खुणा वेगळ्या असतात. इथे मात्र तेरावं हरीण म्हणजे हुबेहूब चौथं, चौदावं म्हणजे पाचवं... आपलंच चुकलं असेल म्हणून तिने तीनदा तपासलं. मग त्याला बोलावलं.

तो बसलाच नाही. "बाराच आहेत हो कळपात. तेराव्या गुरुवारी... काय निमित्त काढून येणार होतो मी?"

"रिकाम्या हाताने यायचं! चहा पाजला असता मी."

"धीर नाही झाला. तुमच्या सरांना मी सांगतो, चूक माझी आहे."

"अहवालावर सही माझी आहे." ती म्हणाली. "प्रेम आहे माझं तुमच्यावर. खूप आहे. पण यापुढे तुम्ही काहीही म्हणालात, तरी मी ते तपासून बघणार... रोज. असा संसार होत नाही हो."

तो मान खाली घालून गेला.

तिने सरांसाठी खरी यादी करायला घेतली. पहिली बारा तशीच ठेवली. तेरा खोडला — त्या दिवशी तो नखशिखांत भिजून आला होता. सोळा — तेव्हा दोघं जिन्यात उगाचच तासभर बोलत उभी होती. एकोणीसला त्याने पहिल्यांदा तिचा हात धरला होता... ज्या आठ गुरुवारी तो फक्त तिच्यासाठी आला होता, ते आठही तिने एकेक करून खोडले.