चोवीस सेकंद आणि एक गाय

ओटिस हॉलोवे माझ्या आयुष्यात आला तो आडवा.

रवांडात, किगालीला, रेमेरा क्रेन्सचा बास्केटबॉलचा सामना चालू होता. सीमारेषेबाहेर निघालेला चेंडू वाचवायला सहा फूट नऊ इंचांचा तो माणूस हवेत झेपावला, चेंडू आत ढकलला आणि स्वतः आमच्या टेबलावर येऊन पडला. टेबल प्लायवूडचं होतं. ‘होतं’ म्हणते, कारण त्यानंतर ते टेबल राहिलं नाही. माझा आल्याचा चहा त्याच्या छातीवर, माझी पेन्सिल त्याच्या कानामागे आणि त्याचं डोकं माझ्या मांडीवर… शिवाय त्याचं कोपर बरोबर भोंग्याच्या बटणावर. त्यामुळे आमचं पहिलं संभाषण ओरडून झालं.

“माफ करा!” तो ओरडला. “चेंडू आत गेला का?”

“गेला!” मी ओरडले. “तुम्ही बाहेर आलात!”

“चहा छान आहे!”

“माझा होता!”

“तेता,” मुख्य पंच येऊन कानाशी म्हणाले, “पाहुणा नंतर आवर. आधी भोंगा आवर.”

माझं काम चोवीस सेकंद मोजणं. हातात चेंडू आला की संघाला चोवीस सेकंद मिळतात. तेवढ्यात रिंगवर मारला नाही, तर मी भोंगा वाजवते आणि चेंडू समोरच्यांना जातो. मारला, रिंगला लागला आणि उडून पुन्हा त्यांच्याच हाती आला, तर घड्याळ चौदावर लावायचं. दुसऱ्या संधीला वेळ कमी. हा नियम कुणी केला माहीत नाही, पण त्याने जग पाहिलेलं असावं.

टेबलावर बसणाऱ्याने कुणाची बाजू घ्यायची नसते. टाळी नाही, आरोळी नाही. त्या हंगामात ओटिसची बाजू न घेण्याचं काम मी फार मन लावून केलं. तो मात्र प्रत्येक सामन्याआधी एक कप चहा आणून नव्या टेबलावर ठेवायचा.

“लाच आहे का ही?” मी विचारायचे.

“भरपाई आहे.”

“एका कपाची भरपाई अकरा कप?”

“तुम्ही मोजताय?” आणि तो असा हसायचा की घड्याळ चालू करताना माझं बोट अर्धा सेकंद अडखळायचं. अर्धाच. कामात मी चोख आहे.

आठ वर्षांत हा त्याचा सातवा देश. तुर्कस्तान, ग्रीस, उरुग्वे, मग मी मोजणं सोडलं.

“तुम्हाला कुणी ठेवून घेत नाही, की तुम्हीच राहत नाही?”

“दोन्ही,” तो म्हणाला. “परदेशी खेळाडूला मंगळवारी फोन येतो आणि बुधवारी विमान असतं. म्हणून मी कपाट उघडत नाही. प्रत्येक क्लब फ्लॅट देतो, फ्लॅटमध्ये कपाट असतं, पण कपडे बॅगेतच. एकदा शर्ट टांगला की तो उतरवायला जिवावर येतं.”

“शर्टाच्या?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला ‘तू’ म्हटलं तर चालेल?”

“टेबलाच्या या बाजूला नाही,” मी म्हटलं. आणि त्या संध्याकाळी टेबलाच्या त्या बाजूला जाऊन उभी राहिले.

सप्टेंबरात अंतिम सामना झाला. बाहेर भुरभुर पाऊस, आत पत्र्यावर त्याचा ताशा. क्रेन्स जिंकले, ओटिस सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि प्रायोजक डेअरीने त्याला बक्षीस म्हणून गाय दिली. काळी-पांढरी, गाभण, गळ्यात फीत. मैदानात तिला आणलं तेव्हा सहा हजार माणसं उभी राहिली. आमच्याकडे चषकासाठी माणूस बसून टाळ्या वाजवतो. गाय आली की उठतो.

ओटिस दावं धरून थेट टेबलापाशी आला. “तेता, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो.”

“लिफ्ट आहे?”

“तेता!”

“माझे बाबा र्वामागानाला असतात. गोठा आहे. त्यांच्याकडे सोड.”

एवढंच बोलले. बाकीचं सांगायला हवं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण त्याने विचारलं नाही, आणि मी ठरवलं की न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देणं हा आगाऊपणा आहे.

मला वाटलं, क्लबच्या माणसाबरोबर पाठवेल. तो स्वतः आला. तेही महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, गावाचं सामूहिक श्रमदान नुकतंच संपलेलं, अख्खी टेकडी फावडी खांद्यावर टाकून आमच्याच दारावरून घरी निघालेली असताना. पिकअपमधून गाय उतरली. मागून ओटिस उतरला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, चकचकीत बूट. बाबांसमोर वाकून दोन्ही हातांनी त्याने दावं पुढे केलं. “काका, ही तुमच्यासाठी.”

फावडी थांबली.

आत्या कोन्सोलाता स्वयंपाकघरातून बाहेर आली, गाय पाहिली, माणूस पाहिला, मला पाहिलं, आणि जीभ हलवत तिने असा आनंदाचा चित्कार काढला की पलीकडच्या टेकडीवरून उत्तर आलं. शेजारचे म्हातारे टोपी काढून गाईच्या शिंगांचं कवन गाऊ लागले. शिंगं बोटभर होती. कवन बरंच लांब होतं.

“हे सगळे गाईवर खूश आहेत ना?” ओटिस ओठ न हलवता म्हणाला.

“आमच्याकडे मुलीच्या बापाच्या दारात गाय कशासाठी नेतात, माहीत आहे?”

“ठेवायला?”

“मागायला.”

त्याने गाईकडे पाहिलं. “काय मागायला?”

आत्याने माझ्याकडे बोट केलं.

त्याचे कान लाल झाले. एवढ्या उंचीवर ते टेकडीच्या दुसऱ्या बाजूलाही दिसले असतील. “आणि तू मला सांगितलं नाहीस!”

“तू विचारलं नाहीस.”

“तेता… दावं परत घेतलं तर?”

“तर बाबांचा अपमान. पण तुला हवं असेल, तर मी समजावते त्यांना. आत्ता.”

दावं अजून त्याच्या हातात होतं; त्याने ते मागे ओढलं नाही. पाहिलं मी ते. घट्ट धरलेलंही नव्हतं.

बाबा घसा साफ करून म्हणाले, “त्याला विचार, त्याच्या बाजूने बोलणारं मोठं माणूस कोण? अशा गोष्टी पोरं स्वतः बोलत नाहीत.”

मी भाषांतर केलं. ओटिसने विचार केला. “माझ्या बाजूने… एजंट बोलतो.”

क्लीव्हलंडमध्ये पहाटेचे साडेपाच वाजले होते. एजंट मिल्टने पहिल्या रिंगला फोन उचलला. फोन स्टुलावर, आवाज मोठा, भोवती टेकडी.

“मी गातेरा, तेताचा बाप,” बाबा म्हणाले आणि रीतीप्रमाणे सुरुवात केली, “आमची मुलगी आम्ही तुम्हाला देणार नाही.”

मी इंग्रजीत सांगितलं.

“समजलं,” मिल्ट म्हणाला. “ही सुरुवात असते. ग्रीसमध्येही असंच म्हणाले होते.”

हे ऐकून बाबांचा चेहरा उजळला. “मुरलेला माणूस आहे.”

“फक्त एक प्रश्न,” मिल्ट म्हणाला. “कसली मुलगी? ओटिस, तू आहेस ना तिथे? बरं झालं फोन केलास. तैवान! अख्ख्या हंगामाचा पक्का करार, मध्येच काढता येणार नाही असा. एकतिसाव्या वर्षी पुन्हा मिळायचा नाही. मंगळवारचं विमान. पण ‘हो’ आत्ताच्या आत्ता हवं.”

अंगण गप्प झालं. इंग्रजी कळणारे आधी, न कळणारे त्यांच्याकडे पाहून.

“काय म्हणाला?” बाबांनी विचारलं.

मला खोटं सांगता आलं असतं. पण टेबलावरच्या माणसाला खोटं नोंदवता येत नाही. सगळं सांगितलं, मंगळवारसकट. मग मनगटावरचं घड्याळ पुढे केलं.

“चोवीस, ओटिस.”

“तेता, हे काय…”

“बावीस. मला ‘जा’ म्हणालास तरी चालेल, ‘सोबत ये’ म्हणालास तरी चालेल. पण चेंडू हातात धरून उभं राहायचं नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. ओठ हलले. “मी आठ वर्षं…” म्हणाला. थांबला. पाच. चार. “मला येत नाही हे…” दोन.

गाय हंबरली. बरोबर चोविसाव्या सेकंदाला. इतकी अचूक भोंगेवाली मी दुसरी पाहिलेली नाही.

मिल्टला ‘हो’ मिळालं आणि मंगळवारी तो गेला. जाताना म्हणाला, गाईचं नाव लोरेटा ठेव. त्याला वाढवणाऱ्या आजीचं नाव. “तीही योग्य वेळीच ओरडायची.”

मी रडले नाही. एकदा गोठ्यात डोळे भरून आले, पण तिथे माशांसाठी धूर केला होता. धूर मीच केला होता. मग एक गोष्ट लक्षात आली आणि डोळे पुसले. नियमाप्रमाणे आता चेंडू माझ्याकडे होता.

मी रोज लोरेटाचा फोटो पाठवू लागले. फक्त लोरेटाचा. तो विचारायचा, “आणि तू?” मी लिहायचे, “चारा खाते.” एकदा मी त्याला कळवलं की आमच्याकडे सुंदर मुलीला वासरासारखे डोळे आहेत म्हणतात. तीन आठवडे तो गाईचीच चौकशी करत होता. चौथ्या आठवड्यात उत्तर आलं: “सामन्यात चोवीसच्या घड्याळाकडे पाहत राहिलो. चेंडू तोंडावर बसला. वासराचे डोळे आठवले.”

मार्चमध्ये लोरेटा व्याली. कालवड झाली. तिकडे तैवानचा हंगाम लांबला होता, म्हणून बाबांनी तिचं नाव ओव्हरटाइम ठेवलं. मी त्याला लिहिलं: “गाय देणाऱ्याला पहिली कालवड परत द्यायची असते. हातात. कुरियरने नाही. दूध सुटलं की तयार होईल. जूनमध्ये. यायचं की नाही ते तुझं. आम्ही आमचं सांगितलं.”

उत्तर आलं नाही. एक दिवस नाही, दहा दिवस नाही. आत्या म्हणाली, “एवढा लांब माणूस, निरोप डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागणारच.”

जूनच्या एका कोरड्या, लख्ख सकाळी पिकअप दारात थांबली. ओटिस उतरला, रिकाम्या हातांनी. बाबांनी ओव्हरटाइमचं दावं त्याच्या हातात दिलं. तिने त्याचा शर्ट चघळायला घेतला. मी आवाज टेबलावरचा लावला.

“बॅग कुठंय?”

“तेता, आधी ऐक…”

“दुसरी संधी आहे. चौदा.”

“अन्याय आहे! नियमाने चोवीस मिळायला हवेत!”

“टेबलाचा निर्णय अंतिम असतो. बारा.”

त्याने श्वास घेतला. “क्रेन्सशी करार केलाय, दोन वर्षांचा. काल फ्लॅटवर गेलो. कपाट उघडलं. सगळे शर्ट टांगले, बॅग रखवालदाराला देऊन टाकली. अर्धं कपाट रिकामं ठेवलंय. ते अर्धं… तुझं आहे. प्रेम आहे माझं तुझ्यावर. टेबल मोडलं त्या दिवसापासून. किती उरले?”

“तीन.”

“आता तू बोल.”

“माझं पण,” मी म्हटलं. “चहा सांडल्यापासून.” आणि एक सेकंद राखून घड्याळ थांबवलं.

“काय म्हणाला?” बाबांनी विचारलं.

“त्याचं अर्धं कपाट रिकामं आहे म्हणाला.”

बाबांनी विचार केला. “आणि बाकीच्या अर्ध्यात?”

“शर्ट. आणि बूट.”

बाबांनी खाली वाकून ओटिसच्या बुटांकडे नीट पाहिलं. आत्यानेही पाहिलं. ओव्हरटाइमनेही.

“मग अर्ध्यात माझ्या पोरीचं काही बसायचं नाही,” बाबा म्हणाले. “सुताराला बोलावतो. दुसरं करून घेऊ.”