सेझिम्ब्राची गाबोळी

देओलिंदाबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात मुलाचा, बाल्तझारचा, लोकरी स्वेटर होता. चुलीजवळ धरून त्या त्याला पुन्हा पुन्हा ऊब देत होत्या.

बाल्तझार परवा एकटाच एश्पादा धरायला गेला होता. वाकटीसारखा लांब, काळाकुट्ट, तळाच्या अंधारात राहणारा मासा. काल त्याची रिकामी होडी माडेरा बेटाच्या पश्चिमेला सापडली. गावातल्या सगळ्या होड्या तिकडचा समुद्र पिंजून परतल्या. आज शोध थांबणार होता.

"मेला असेल तर मेला म्हणा," बाई म्हणाल्या. "पण कुठे शोधू, ते सांगा."

त्यांनी बोलावलेली फाब्रीसिया खासगी तपास करायची. तिचा जोडीदार नोब्रेगा एव्हाना पाव आणि तळलेली गाबोळी, माशाच्या पोटातली अंडी, खात होता. पाहुण्याला रिकाम्या तोंडी बसवायचं नाही, ही त्या घराची रीत. मासा सेझिम्ब्राहून आणलेला म्हणून भाच्याने, आन्सेल्मोने, दिला होता. आपण पोर्तुगालच्या मुख्य भूमीवर, सेझिम्ब्राच्या होडीवर कामाला असतो आणि बातमी कळताच आज विमानाने आलो, असं त्याने सांगितलं होतं.

बाल्तझारला मासेमारीची एक नवी जागा सापडली होती आणि ती तो कुणालाच सांगत नव्हता. त्यावरून शेजारच्या फिर्मिनोने त्याला गुत्त्यात धमकावलं होतं. फिर्मिनोने ते कबूलही केलं. पण त्या रात्री तो मुलीच्या लग्नात नाचत होता. पाद्र्यानेही तेच सांगितलं.

मग आन्सेल्मो आला. डोळे सुजलेले.

"तिकडे गाबोळी कशी करता रे?" फाब्रीसियाने विचारलं.

"इथल्यासारखीच, लसूण लावून. नोव्हेंबरात कुठला एश्पादा गाबोळीशिवाय असतो?"

"हिला चहाही जमत नाही," नोब्रेगा पुटपुटला.

फाब्रीसिया हसली नाही. "सेझिम्ब्राच्या एश्पादात पिकलेली गाबोळी नसते. तिथे तो फक्त वाढतो. अंडी घालायला इकडे, आपल्या पाण्यात येतो. तिथे चार मासे जरी चिरले असतेस तरी कळलं असतं. तू जन्मभर इथलेच चिरलेस."

"इथल्या बाजारातून घेतला असेल," नोब्रेगा म्हणाला.

"मग सेझिम्ब्राचा म्हणून का दिला? आपण त्या रात्री इथे नव्हतो, एवढंच त्याला माशाकडून वदवून घ्यायचं होतं. कुणाच्या होडीतला आहे, आन्सेल्मो?"

आन्सेल्मो मावशीकडे बघेना. "त्याच्याच."

नोब्रेगाने ताटली हळूच दूर सारली.

बाकीचं तुटक तुटक बाहेर आलं. आन्सेल्मो सेझिम्ब्राला गेलाच नव्हता. जागा शोधायला तो दुसऱ्या होडीतून बाल्तझारच्या मागावर होता. पूर्वेला, देझेर्ताशच्या ओसाड बेटांजवळ झटापट झाली आणि बाल्तझार पाण्यात पडला. घाबरून आन्सेल्मोने रिकामी होडी ओढत पश्चिमेला नेऊन सोडली.

"बुडाला?" बाईंनी विचारलं.

"खडकांकडे पोहत होता. हाका मारत होता, मावशी."

बाईंनी त्याच्यावर हात उगारला नाही. गरम स्वेटर झग्याच्या आत, छातीशी खोचला.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "होडीत पुढे बस. खडक तू दाखवायचा."