राहिलेला नमस्कार

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर त्या घराचं नावही मी काढत नाही. कुंभकोणमजवळच्या आमच्या गावात मुत्तैया वाद्यार, म्हणजे गुरुजी, पोरींना नाच शिकवायचे आणि मी गायची. दिवाळीआधी वर्ग बंद पडला. माझी सुरपेटी तिथेच राहिली होती, ती आणायला एकदा दिवेलागणीला गेले.

वर्ग बंद पडला तो वाद्यारांच्या लेकीमुळे, वडिवूमुळे. तापाने गेली पोर. अंगात ताप असताना अर्धमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून, पावलांचा सराव करत होती. आईने मध्येच उचलून अंथरुणावर नेलं. ज्या भुईवर पाय आपटले तिची नाच संपल्यावर नमस्कार करून क्षमा मागायची असते. तो नमस्कार राहिला. आमच्यात हे कुणी राहू देत नाही.

तिची आई, तंगम अक्का, दारातच भेटली.

"अलमेलू, आत जाऊ नकोस... नाहीतर जा. तूच सांग त्यांना. घास घेत नाहीत, काठी सोडत नाहीत."

आत जळत्या तेलाचा वास होता. वाद्यार लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल देत होते. त्यांचा नुसता हाडांचा सापळा उरला होता. आणि समोरच्या रिकाम्या फरशीवर पावलं पडत होती. उजवं, डावं. डावं किंचित उशिरा, वडिवूचं पडायचं तसंच.

"डावा अजून आळशीच आहे बघ," वाद्यार हळूच म्हणाले.

"अण्णा, तिला नमस्कार करायला सांगा..." मी म्हटलं.

"सांगितलं की जाईल ती."

"जाऊ द्या. अजून तापातच नाचतेय ना पोर?"

काठी थांबली. वाद्यार ढसाढसा रडले. मलाही रडू आवरेना.

"नमस्कार कर, बाळा," शेवटी ते म्हणाले.

फरशीवर तळहात घासल्याचा आवाज झाला. मग माझ्या पायांना बोटं लागली... चटका बसावा इतकी गरम. माझ्यामागून आत आलेल्या अक्कानेही दचकून पाय मागे घेतले आणि तोंडात पदर कोंबला. वाद्यार पाय पुढे करून बसले होते. बराच वेळ बसले.

"माझ्या पाया नाही पडली," ते म्हणाले.

ज्याला मागे ठेवून जायचं, निघताना त्याच्याच पाया पडतात; ज्याला सोबत न्यायचं त्याच्या नाही.

"बरोबर आहे तिचं," वाद्यार म्हणाले. पोर गेल्यापासून त्यांचा चेहरा एवढा शांत मी पाहिला नव्हता.

अक्का धावली. त्यांची पावलं मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. दार सताड उघडं होतं. बाहेर जाणारी पावलं मात्र आम्हाला कुणालाच ऐकू आली नव्हती.