प्लेट लखलखीत होईपर्यंत

बॅटऱ्यांच्या कारखान्याचं सांडपाणी आमच्या टाकीत येतं. त्यात शिसं विरघळलेलं असतं. पाण्यात पोलादी प्लेट सोडून वीज चालू केली की शिसं प्लेटवर चढतं. प्लेट रोज तोलायची, शनिवारी खरवडायची. सतरा वर्षं हेच करतोय. बायको तिथेच पाण्याचे नमुने भरते. घरी ती बोलते, मी ऐकतो, कामावरही तेच.

सोमवारी बाटली फुटून तिचं बोट कापलं. रक्ताचे दोन थेंब टाकीत पडले. "अहो, एवढ्याने मरत नाही कोणी," म्हणत तिने चिंधी गुंडाळली.

मंगळवारी प्लेट जड भरली. करड्या शिशावर नवा थर होता. हवा लागताच तो गंजासारखा तांबूस पडला.

"लोखंड आहे हे," प्रयोगशाळेतला मित्र म्हणाला. "पण पाण्यात लोखंड शून्य. काटा बदल, नाहीतर चष्मा."

बुधवारी बायको जिन्यातच बसली. ओठ पांढरेफटक. मी वीज बंद केली. गुरुवारी तिला दवाखान्यात ठेवलं. "जखम तर भरलीय," डॉक्टर म्हणाले, "मग रक्तातलं लोखंड जातंय कुठे?"

मी धावत कामावर गेलो, प्लेट पुसून कोरड्या फळीवर ठेवली. शुक्रवारी सकाळी तोलली.

एक ग्रॅम वाढली होती.

भुताखेतांच्या गोष्टी मी हसण्यावारी नेतो. पण दवाखान्यात जाऊन तिचा हात हातात घेतला तेव्हा तो गार होता, आणि मला रडू फुटलं. अक्कल गेली खड्ड्यात!

कामावर परतून प्लेट पुन्हा टाकीत सोडली. तारा उलट जोडल्या. उलट जोडल्या की चढलेलं उतरतं.

तासाभरात तांबूस थर गेला. तिथेच थांबायला हवं होतं. पण तिचा कणभरही अंश मागे राहू नये, म्हणून प्लेट लखलखीत होईपर्यंत मी वीज चालू ठेवली.

दुपारी दवाखान्यात गेलो, तर ती उशीला टेकून बसलेली. गालांवर रंग.

"आलात? मला वाटलं, त्या टाकीशीच लग्न लावलंत!"

मी हसलो. तीही हसली, तोंडभर.

हिरड्यांच्या कडेने निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीने ओढावी तशी. शिसं अंगात भिनल्याची ही खूण आम्हाला कामाच्या पहिल्याच दिवशी दाखवतात.

"काय बघताय एवढं?" ती म्हणाली. "बरी झालेय मी."