फुली मारलेली कपार

ती कातळपाल जिवंत आहे की संपली, एवढंच बघायला पालींचा अभ्यास करणारा ‘पालवाला डॉक्टर’ पुन्हा त्या कड्यावर आला होता. आज एकही दिसली नाही, तर यादीत तिच्या नावापुढचं ‘अतिसंकटग्रस्त’ खोडून ‘नामशेष’ लिहिलं जाणार होतं. आणि संपवणारा दुसरातिसरा कोणी नव्हता, तोच होता!

पाच वर्षांपूर्वी त्यानेच तिचा शोध लावला आणि शोधाच्या भरात अहवालात कड्याचा नकाशा छापून टाकला, कपारीवर फुली मारून! तो नकाशा घेऊन पाली विकणारे आले आणि सापडतील तेवढ्या पाली उचलून घेऊन गेले.

"तुमचाच कागद होता त्यांच्या हातात," झाडाला दोर बांधता बांधता मावशी म्हणाल्या. त्या कड्यावरचा मध काढायच्या. ही जागा डॉक्टरला त्यांनीच दाखवली होती. "म्हटलं, तुमचीच माणसं. चहासुद्धा पाजला मेल्यांना!"

डॉक्टरला मान वर करवेना.

तो दोराने खाली उतरला. फुलीची कपार पहारीने फोडलेली होती. शेजारची रिकामी, तिच्याखालचीही रिकामी. दुपार झाली, वारा सुटला, दोर हिंदकळू लागला.

"वर या आता!" मावशी ओरडल्या.

"एकच कपार राहिली!"

त्याने उजवीकडे झेप घेतली. पाय टेकला. दगड निखळला! तो लटकला, गरगर फिरला, हात सोलवटला, गाल कातळावर आपटला. वर मावशींनी दोर आवळून धरला. डॉक्टरने डोळे उघडले, तर नाकासमोरच्या फटीत दोन पांढरी अंडी चिकटलेली आणि त्यांच्याजवळ ती! बोटभर लांब, पिवळ्या डोळ्यांची, जिवंत! रक्ताळलेल्या हाताने त्याने कसाबसा फोटो काढला.

वर आल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "मावशी, आहे! अंडीसुद्धा आहेत!"

"माहितीये," दोर गुंडाळत मावशी म्हणाल्या. "दोन वर्षं बघतेय मी तिला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही लिहून टाकता ना," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच झोंबलं.

"चुकलं माझं, मावशी," एवढंच तो कसंबसं म्हणाला. मग त्याने वही काढली, ‘जिवंत मादी, एक, अंडी, दोन’ असं लिहिलं आणि ठिकाणाचा रकाना कोरा ठेवून वही मावशींच्या हातात दिली.


त्यांनी तो रकाना दोनदा निरखून पाहिला आणि मगच वही परत केली.